गारव्यामागे दडलेली साखर : बर्फाची गोड पेये आणि आपले आरोग्य

कारवारहून कद्रामार्गे अणशी घाट चढून जोयड्याकडे जाणारा प्रवासी कुंभारवाड्यात पोहोचतो, तेव्हा तो काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात असतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हा भाग गोमंतकीयांना परका नाही. दांडेलीच्या सहलीला, माघात भरणाऱ्या उळवीच्या जत्रेला किंवा नातेसंबंधांमुळे गोव्यातून या वाटेने नेहमी ये-जा असते. सह्याद्रीच्या अलीकडील आणि पलीकडील कुणबी समाजाचे खाणेपिणेही बरेचसे सारखे आहे. नाचणीची आंबील, कोकमाचे सार, ताक आणि शहाळे हीच या पट्ट्यातील उन्हाळ्याची पेये होत.

त्यांच्या जोडीला आता दुसरी पेये आली आहेत. प्लास्टिकच्या नळीतील गोठवलेली ‘पेप्सी’, बर्फाची कांडी, रंगीत पाकातला गोळा, यंत्रात घुसळला जाणारा स्लश, फालुदा, आईस्क्रीम घातलेला मिल्कशेक आणि बाटलीबंद शीतपेये. पणजी-मडगावच्या मॉलपासून जंगलातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेपर्यंत जिथे वीज आणि फ्रीज पोहोचला, तिथे ही पेये पोहोचू शकतात. उन्हात ती हवीहवीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांतील साखरेचा अंदाज जिभेला येत नाही, आणि त्याचे कारण पेयाच्या थंडपणातच आहे.

गोव्यासाठी हा विषय महत्त्वाचा का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या ‘इंडिॲब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने झालेल्या या पाहणीत २० वर्षांवरील १ लाख १३ हजारांहून अधिक व्यक्तींची तपासणी झाली. देशातील मधुमेहाचे सरासरी प्रमाण ११.४ टक्के आढळले. राज्यवार पाहता सर्वाधिक प्रमाण गोव्याचे, म्हणजे २६.४ टक्के होते. त्याखालोखाल पुद्दुचेरी २६.३ टक्के आणि केरळ २५.५ टक्के.

साधारण चार प्रौढांमागे एकाला मधुमेह असलेल्या राज्यात साखरेचा प्रत्येक मोठा स्रोत ओळखून ठेवणे आवश्यक ठरते. मधुमेहाला एकटी साखर कारणीभूत नसते. आनुवंशिकता, पोटाभोवतीची चरबी, बैठे काम, अपुरी झोप आणि एकूण आहार यांचाही त्यात वाटा असतो. मात्र साखरयुक्त पेयांचे नियमित सेवन आणि टाइप २ मधुमेह यांचा संबंध अनेक देशांतील दीर्घकालीन अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसून आला आहे. शिवाय आहारातील ही गोष्ट तुलनेने सहज बदलता येण्यासारखी आहे.

थंड पदार्थ कमी गोड का लागतो?

जिभेवरील स्वादपेशींमध्ये गोडाची जाणीव मेंदूकडे पोहोचवणारी एक प्रथिनयुक्त वाहिनी असते. तिचे कार्य तापमानावर अवलंबून असते. तापमान वाढले की ती अधिक सक्रिय होते आणि उतरले की मंदावते. त्यामुळे तेवढीच साखर असलेले पेय कोमट असताना अतिगोड लागते, सामान्य तापमानाला गोड आणि बर्फासारखे थंड असताना बेताचे.

उत्पादकाला हे ठाऊक असते. गोठलेला पदार्थ ग्राहकाला गोड लागावा म्हणून त्यात साध्या सरबतापेक्षा अधिक साखर घालावी लागते. याची प्रचीती घरच्या घरी घेता येते. बर्फाची कांडी वाटीत ठेवून पूर्ण वितळू द्यावी आणि ते पाणी सामान्य तापमानाला आल्यावर चमचाभर चाखावे. कांडी चोखताना जे सौम्य वाटले होते, ते आता घशाखाली उतरवणे जड जाते. दोन्ही वेळा साखर तेवढीच असते.

दुसरे कारण भौतिकशास्त्राचे आहे. साखर मिसळली की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. स्लशच्या यंत्रात पेय सतत अर्धवट गोठलेले, भुसभुशीत राहावे लागते. त्यात पुरेशी साखर नसेल तर घट्ट बर्फ होऊन यंत्र अडकते. म्हणून या पेयात साखरेचे प्रमाण साधारण १२ ते १५ टक्के ठेवले जाते. चवीइतकीच ही यंत्राचीही गरज असते. त्यामुळे ‘साखर कमी घाला’ अशी विनंती लिंबू सरबतवाल्याला करता येते, तशी स्लशच्या यंत्रासमोर उभे राहून करता येत नाही.

एका पेल्यात साखर किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरातील एकूण ऊर्जेपैकी मुक्त शर्करेचा वाटा १० टक्क्यांपेक्षा कमी असावा. तो ५ टक्क्यांच्या खाली आणल्यास अधिक लाभ होतो. दररोज २,००० कॅलरींची गरज असलेल्या व्यक्तीसाठी याचा अर्थ अनुक्रमे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम असा होतो. सपाट भरलेला लहान चमचा साधारण ५ ग्रॅमचा धरला, तर दहा चमचे ही वरची मर्यादा आणि पाच चमचे हे उद्दिष्ट. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये दोन ते अठरा वर्षे वयोगटासाठी दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी वरून घातलेली साखर सुचवली असून दोन वर्षांखालील बालकांना ती अजिबात देऊ नये, असे म्हटले आहे.

या मापाने नेहमीची पेये तपासून पाहू. पुढील आकडे प्रमाणावरून काढलेले अंदाज आहेत. दुकानागणिक आणि पेल्यागणिक त्यांत फरक पडेल.

• बर्फाचा गोळा : भारतीय मानकांनुसार कृत्रिम स्वादाच्या पाकात विरघळलेले घटक किमान ६५ टक्के असावे लागतात आणि ते बहुतांशी साखरच असते. असा पाक पातळ न करता वापरला, तर ३० मिलिलिटरमध्ये साधारण २५ ग्रॅम साखर येते. गोळा चोखून पुन्हा पाकात बुडवून घेतला आणि एकूण ६० मिलिलिटर पाक पोटात गेला, तर साखर होते ५० ग्रॅम, म्हणजे दहा चमचे.

• स्लश, ३५० मिलिलिटरचा पेला : सुमारे ४२ ते ५२ ग्रॅम.

• बर्फाची कांडी किंवा नळीतील ‘पेप्सी’, ७० ग्रॅमची : साखर १० टक्के धरल्यास ७ ग्रॅम, अधिक असल्यास त्या प्रमाणात जास्त. एक कांडी मर्यादेत बसते. दिवसाला तीन-चार झाल्या की लहान मुलाचा दिवसाचा वाटा संपतो.

• फालुदा : ३० मिलिलिटर सरबताचा पाक आणि दोन गोळे आईस्क्रीम यांची मिळून ४५ ग्रॅमच्या आसपास साखर. जेली आणि शेवया वेगळ्या.

• कोला प्रकारचे शीतपेय, २५० मिलिलिटर : सुमारे २६ ते २७ ग्रॅम.

• मिठाचे ताक, साखर न घातलेली सोलकढी, मिठाची आंबील : वरून घातलेली साखर शून्य.

गोळा किंवा स्लशमधील ५० ग्रॅम साखरेतून २०० कॅलरी मिळतात, म्हणजे जवळपास दोन मध्यम पोळ्यांइतकी ऊर्जा. पोळी खाल्ल्यावर भूक शमते, पेयाने ती तितकीशी शमत नाही. द्रवरूपात घेतलेल्या ऊर्जेची भरपाई पुढच्या जेवणात कमी खाऊन केली जात नाही, असे बहुसंख्य अभ्यास सांगतात. पोळ्या तेवढ्याच खाल्ल्या जातात आणि पेयातील कॅलरी त्यांत भर घालतात.

गूळ, मध आणि फळांचा रस

अनेक कुटुंबांत साखरेऐवजी माडाचा गूळ, काकवी किंवा जंगलातील मध वापरला की पेय निर्धोक झाले, असे मानले जाते. गूळ आणि मधात काही खनिजे व इतर घटक अल्प प्रमाणात असतात. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘मुक्त शर्करा’ या व्याख्येत मध, पाक आणि फळांचा काढलेला रस हे सारे येते. रक्तातील साखर वाढवण्याच्या बाबतीत त्यांच्यात आणि पांढऱ्या साखरेत मोठा फरक नाही. उसाच्या रसातही साधारण १२ ते १५ टक्के साखर असते. तो बर्फ घालून दोन पेले घेतला, तर हिशेब स्लशच्याच जवळ जातो.

अख्ख्या फळाची गोष्ट निराळी आहे. कलिंगडाची फोड किंवा पेरू चावून खाताना तंतू शाबूत राहतात, वेळ लागतो आणि साखर हळूहळू शोषली जाते. कलिंगडाच्या फोडी गोठवून मुलांना दिल्या, तर बर्फाच्या कांडीची हौस फिटते आणि वेगळी साखर घालावी लागत नाही.

कोकमाबाबतही एक भेद ध्यानात ठेवावा. पश्चिम घाटाचे हे फळ उत्तर कन्नडात मुरुगल आणि गोव्यात भिरंड या नावाने ओळखले जाते. त्यापासून होणारे आगळ मिठात मुरवलेले असते, तर अमृत कोकम साखरेत मुरवलेले. अमृत कोकमासाठी सालींच्या साधारण दुप्पट साखर घेण्याची रीत आहे. त्यामुळे पाण्यात मिसळलेले अमृत कोकम पारंपरिक असले तरी साखरेचेच पेय आहे. आगळात साखर नसते, पण मीठ भरपूर असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते बेताने घ्यावे किंवा सुकी आमसुले भिजवून त्यांचे पाणी वापरावे.

तहान भागते का?

उन्हातून आलेल्या शरीराला बर्फामुळे खरोखर थंडावा मिळतो. बर्फ वितळताना आसपासची बरीच उष्णता शोषून घेतो. म्हणूनच कडक उन्हात खेळणारे काही खेळाडू स्पर्धेआधी बर्फाचा बारीक चुरा पितात. मात्र हा थंडावा बर्फाचा असतो. त्यासाठी साखरेची गरज नसते.

तहान आणि घामातून गेलेले क्षार भरून काढायचे असतील, तर अतिगोड पेय हा चांगला उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, सोबत सोडियम, पोटॅशियम आणि सायट्रेट. आतड्यातून पाणी वेगाने शोषले जावे यासाठी हे प्रमाण ठरवलेले आहे. एक लिटर स्लशमध्ये साखर १२० ते १५० ग्रॅम, म्हणजे त्याच्या नऊ ते अकरा पट असते आणि क्षार नगण्य असतात. इतके दाट द्रावण आतड्यात गेल्यावर पाणी शोषले जाण्याऐवजी काही काळ आतड्याकडेच ओढले जाऊ शकते. जुलाब होत असलेल्या मुलाला गोड थंड पेय दिल्यास जुलाब वाढू शकतात.

याच गोंधळाला आळा घालण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. जुलाब-उलट्या झाल्यास औषधाच्या दुकानातील किंवा आरोग्य केंद्रातील प्रमाणित जलसंजीवनीच वापरावी. दुकान आणि दवाखाना दूर असलेल्या गावांत तिची चार-सहा पाकिटे घरात असणे हिताचे आहे.

दातांवर होणारा परिणाम

तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडाची आम्लता ठरावीक पातळीपलीकडे गेली की दातांच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे नुकसान काही प्रमाणात भरून काढते, पण त्यासाठी तिला सवड मिळावी लागते. कांडी किंवा गोळा वीस मिनिटे चोखत राहिल्यास दात तितका वेळ साखरेत आणि पाकातील सायट्रिक आम्लात भिजत राहतात. एकूण साखरेइतकेच दातांचा तिच्याशी किती वेळ आणि किती वेळा संपर्क येतो, यालाही महत्त्व आहे. गोड थंड पदार्थ द्यायचाच असेल तर जेवणासोबत द्यावा आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरायला लावावी. लगेच ब्रश करू नये. आम्लाने मऊ झालेले कवच घासले जाते. अर्धा तास थांबावे.

लहान मुले आणि ग्लिसेरॉलचा धोका

साखरेवर टीका होऊ लागल्यावर काही देशांत ‘शुगर फ्री’ स्लश बाजारात आला. ब्रिटनमध्ये २०१८ साली साखरयुक्त पेयांवर कर लागू झाला, तेव्हा ही वाट अधिक रुळली. परंतु साखर काढली की यंत्रात घट्ट बर्फ होतो. त्यावर उपाय म्हणून ग्लिसेरॉल हा गोडसर, दाट पदार्थ वापरला जाऊ लागला. खाद्यपदार्थांत त्याचा वापर कायदेशीर आहे आणि मोठ्यांना सामान्य प्रमाणात तो बाधत नाही. लहान मुलाचे वजन कमी असल्याने तेवढाच पेला त्याच्यासाठी मोठी मात्रा ठरतो.

मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात ब्रिटन आणि आयर्लंडमधील अशा २१ मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. ही मुले दोन ते सात वर्षांच्या आसपासची होती. स्लश प्यायल्यानंतर बहुतेकांना तासाभरातच त्रास सुरू झाला. ग्लानी, शुद्ध हरपणे, रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाणे आणि रक्तातील आम्लता वाढणे ही लक्षणे दिसली. उपचारांनंतर सर्व मुले बरी झाली. त्याच वर्षी ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने सूचना कडक केल्या. सात वर्षांखालील मुलांना ग्लिसेरॉलयुक्त स्लश देऊ नये आणि सात ते दहा वर्षांच्या मुलांना ३५० मिलिलिटरच्या एका पेल्यापेक्षा अधिक देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे.

आपल्याकडच्या पालकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. मॉल, चित्रपटगृह किंवा जत्रेत ‘शुगर फ्री’ स्लशची पाटी दिसली, तर तो लहान मुलांसाठी अधिक सुरक्षित आहे असे समजू नये. मिश्रणाच्या डब्यावर ‘ग्लिसेरॉल’, ‘ग्लिसरीन’ किंवा ‘आयएनएस ४२२’ असा उल्लेख आहे का, ते विचारावे. तसेच स्लश प्यायल्यानंतर मूल अचानक गळून गेले, पेंगू लागले, असंबद्ध बोलू लागले, तर उन्हाचा शीण समजून त्याला झोपवू नये. ते शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. १०८ ही रुग्णवाहिका सेवा गोवा आणि कर्नाटक दोन्हीकडे आहे.

बर्फ कोणता, रंग कोणता?

गोव्यात बर्फाचा मोठा वापर मासळीसाठी होतो. मासळी टिकवण्याचा बर्फ आणि पोटात जाणारा बर्फ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा खाद्यरंग मिसळण्याचा निर्देश २०१८ मध्ये देण्यात आला. खाण्याचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असला पाहिजे.

गोठल्यामुळे जंतू मरतात, हा समज चुकीचा आहे. विषमज्वराचे जिवाणू, जुलाब घडवणारे जिवाणू व विषाणू आणि काविळीचा हिपॅटायटिस ‘ए’ विषाणू थंडीत तग धरतात आणि बर्फ वितळताच पुन्हा बाधा करू शकतात. बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून जमिनीवर ठेवलेली असेल, किसणारा हात पैसेही हाताळत असेल, तर तिथे गोळा घेऊ नये. ‘थंड खाल्ल्याने घसा धरतो’ या तक्रारीतही थंडपणापेक्षा संसर्गाचा वाटा मोठा असतो. दमा असलेल्या मुलांना मात्र थंड पदार्थाने खोकल्याची उबळ येऊ शकते.

रंगांबाबत नियम स्पष्ट आहेत. भारतात आठ कृत्रिम खाद्यरंगांना ठरावीक पदार्थांत ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. कापडासाठी वापरला जाणारा गुलाबी रोडामाइन-बी त्यांत नाही. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये कॉटन कँडी आणि गोबी मंच्युरियनमधील कृत्रिम रंगांविरुद्ध कारवाई केली, तेव्हा हेच द्रव्य चर्चेत होते. जिभेवर आणि बोटांवर तासन् तास टिकणारा भडक गुलाबी रंग दिसला तर तो पदार्थ टाळावा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. पाकीटबंद वस्तूवर १४ अंकी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटकांची यादी असते. नाव-गाव नसलेली नळी मुलाच्या हाती देऊ नये.

मधुमेही आणि मद्य घेणाऱ्यांसाठी

मधुमेह असलेल्यांनी गोळा, स्लश आणि फालुदा हे पदार्थ टाळलेले बरे. रक्तातील साखर अचानक उतरल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. अशा वेळी बर्फाची कांडी उपयोगाची नाही, कारण ती हळूहळू पोटात जाते.

किनारी भागात मिळणारी गोठवलेली कॉकटेल्स आणि उन्हाळ्यात गोड सोड्यात मिसळून घेतली जाणारी उर्राक यांत साखर व मद्य दोन्ही असतात. गारवा आणि गोडवा यांमुळे मद्याचा तिखटपणा जाणवत नाही आणि अधिक प्यायले जाते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आधी साखर चढते आणि काही तासांनी, बहुधा झोपेत, ती धोकादायकरीत्या उतरू शकते. मद्य यकृताच्या साखर पुरवण्याच्या कामात अडथळा आणते, त्याचा हा परिणाम असतो.

साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरण्याबद्दलही सावधगिरी आवश्यक आहे. वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून तिच्यावर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. आधीच मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. मुलांच्या बाबतीत गोडाची ओढच कमी करणे अधिक श्रेयस्कर.

शाळा, कर आणि कायदा

शाळांमधील आहाराविषयीच्या २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त साखर, मीठ किंवा मेद असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले. नेहमीच्या पदार्थांत व पेयांत किती साखर असते, हे मुलांना दिसेल असे मांडणारा हा फलक असतो. इतर मंडळांच्या शाळांनाही तो लावता येईल. त्यासाठी खर्च नगण्य आहे. कांडी, शीतपेय आणि ताक यांच्या चित्रांपुढे साखरेचे चमचे काढले तरी पुरे.

करधोरणात मात्र विसंगती आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखरयुक्त शीतपेयांवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला, तर आईस्क्रीम आणि खाद्य बर्फावरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे किमतीच्या आधारे आरोग्याचा निर्णय घेता येत नाही. वेष्टनावरील ‘ॲडेड शुगर’ची ओळ वाचावी लागते. ती १०० मिलिलिटरमागे दिलेली असते. पाकीट ३०० मिलिलिटरचे असेल तर तिला तीनने गुणावे.

घरी काय ठेवावे?

पर्याय शोधायला दूर जावे लागत नाही. कुंभारवाड्याच्या परिसरात आणि गोव्याच्या गावांत ते पूर्वीपासून आहेत.

• नाचणीची आंबील : रात्री भिजवलेले पीठ शिजवून, थंड करून, ताक व मीठ घालून घ्यावी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. आंबिलीने पोट भरते, त्यामुळे शेतावर जाणाऱ्यालाही ती पुरते.

• सोलकढी : आमसुलाचे पाणी, नारळाचे दूध, लसूण, मिरची. साखर घालू नये.

• ताक : आले, कढीपत्ता आणि चिमूटभर मीठ घालून. बर्फाच्या साच्यात गोठवले तर मुले आवडीने खातात.

• शहाळे : त्यात नैसर्गिक साखर थोडी आणि पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

• लिंबू सरबत : पेल्याला एक लहान चमचा साखर आणि चिमूटभर मीठ. आठवड्यागणिक साखर थोडी कमी करत गेल्यास जीभ दोन-तीन आठवड्यांत कमी गोडाला सरावते.

• उकळून गार केलेल्या पाण्याचा घरचा बर्फ : कलिंगडाचा किंवा भिजवलेल्या आमसुलाचा रस त्यात मिसळून साखर न घालता कांड्या करता येतात.

सणासुदीला किंवा जत्रेत वर्षातून काही वेळा खाल्लेल्या गोळ्याने कोणाचे आरोग्य बिघडत नाही. तो एकदाच पाकात बुडवून घ्यावा आणि दोघांत वाटून खावा. चिंतेची बाब आहे ती रोजची सवय. उन्हाळ्याच्या सुट्टीतील साठ दिवस रोज एक पेला स्लश घेणारे मूल ५० ग्रॅमच्या हिशेबाने तीन किलो साखर केवळ त्या पेयातून घेते. ही साखर ना त्याला जाणवते, ना पालकांना दिसते. मधुमेहाच्या प्रमाणात देशात आघाडीवर असलेल्या राज्याने हा हिशेब घराघरांत मांडायला हवा.